मागची दोन चाकं

श्रावणात मलंगगडाच्या बाजूच्या एका डोंगरावर क्षिप्राची पिकअप मागे घसरली, आणि तेव्हापासून तिला स्वतःच्याच गाडीची भीती वाटायला लागली.

तसं बघितलं तर झालं काहीच नव्हतं. डोंगरातल्या एका वाडीच्या वरच्या पठारावर यंदा कारवी फुलणार अशी खबर लागली, म्हणून ती जागा बघायला एकटीच गेलेली. अर्ध्या चढावर मागचं डावं चाक पावसाने खोदलेल्या चरात उतरलं आणि जागच्या जागी गरागरा फिरायला लागलं. उजवं चाक चांगल्या टणक खडकावर होतं, पण ते ढिम्म हलेना. तिने ॲक्सिलरेटर दाबला की चरातलं चाक आणखी जोरात फिरायचं, चिखल उडवायचं, आणि खडकावरचं नुसतं उभं राहायचं. मग गाडी मागे निघाली. ब्रेक दाबलेला असूनही निघाली. आरशात फक्त आभाळ दिसत होतं. थोडं घसरून ती एका धोंड्याला टेकली, एवढंच. क्षिप्रा उतरली, बाटलीतलं पाणी प्यायली आणि गाडी हळूहळू उलटी खाली घेऊन आली.

पण त्यानंतर नौपाड्यातल्या सोसायटीच्या आवारात गाडी रिव्हर्स घेतानासुद्धा तिचे तळवे ओले व्हायला लागले. कोपरीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये थांबायची वेळ आली की ती पुढे न बघता आरशातच बघत राहायची, आपण मागे तर सरकत नाही ना म्हणून. आईच्या, हेमाच्या, ते लक्षात आलेलं. "हल्ली तू रिक्षाने का जातेस गं सगळीकडे?" तिने एकदा विचारलं. "पार्किंग मिळत नाही," क्षिप्रा म्हणाली.

डोंगराचा नाद सोडून देता आला असता. पण क्षिप्राकडे मधमाश्या होत्या. लॅबमधली नोकरी सोडून तिने आंबिवलीला एका मळ्यात मधपेट्या ठेवल्या होत्या, आणि दौलतकाका तिच्याबरोबर त्यांची देखभाल करायचे. पावसाळ्यात माश्यांना बाहेर काही मिळत नाही. साखरेचं पाणी पाजून पाजून त्या कशाबशा तग धरून होत्या. पेटीचं झाकण उघडलं की पूर्वीसारखा भरदार आवाज यायचा नाही. आणि तिकडे वर पठारभर कारवी कळ्यांवर आलेली. सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारं झाड ते. या वर्षी चुकलं तर पुढच्या फुलोऱ्यापर्यंत माश्यांच्या किती पिढ्या जातील, कोणास ठाऊक.

म्हणून ती शहाडला ऋतुराजच्या गॅरेजमध्ये गेली. ऋतुराज तिचा कॉलेजातला मित्र; जीप घेऊन चिखलात आणि डोंगरात शर्यती करायचा त्याला वेड, आणि तशाच गाड्या तो दुरुस्त करायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं, पिकअपची मागची बाजू जॅकवर उचलली आणि गिअर टाकून तिला म्हणाला, "डावं चाक हाताने फिरव."

तिने फिरवलं. उजवं चाक उलट्या दिशेने फिरलं.

"बघितलंस? दोन्ही चाकांच्या मधे तो जो गोळा दिसतोय ना, तो डिफरन्शियल. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त धावावं लागतं, म्हणून तो दोघांना वेगवेगळं फिरू देतो. रस्त्यावर मस्त. पण एक चाक चिखलात गेलं की सगळी ताकद तिकडेच जाते, कारण तिकडे फिरणं सोपं असतं. तुझं तेच झालं."

"मग?"

"मग आपण आत लॉकर बसवू. बटण दाबलंस की दोन्ही चाकं एकमेकांना बांधलेली. एक चिखलात असलं तरी दुसरं खडकावरचं गाडी ओढून नेणार."

काम पुरं झाल्यावर त्याने पुन्हा गाडी उचलली, या वेळी गिअर न टाकता. डॅशबोर्डवर नवं लाल बटण बसवलं होतं. ते दाबल्यावर मागून टक् असा आवाज आला, आणि आता डावं चाक फिरवलं तर उजवंही त्याच दिशेने, त्याच वेगाने फिरलं. क्षिप्राला इतकं बरं वाटलं की ती हसलीच.

ऋतुराज मात्र हसला नाही. "एक ऐक. हे सरळ चढासाठी आहे. वाट एका अंगाला कललेली असेल, खाली उतार असेल, तर लॉक काढायचा. उघडा डिफरन्शियल असला की एक चाक फिरतं, पण दुसरं जमीन धरून बसतं. लॉक असला की सुटली तर दोन्ही एकदम सुटतात, आणि गाडीची शेपटी उताराकडे जाते. कळलं?"

"कळलं," ती म्हणाली. आणि तिला खरंच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी उल्हास नदीच्या काठच्या रेताड चढणीवर तिने गाडी पाच-सहा वेळा चढवून बघितली. जिथे एरवी तिने गाडी घातलीच नसती अशा जागी पिकअप गुरगुरत वर गेली. त्या रात्री ती शांत झोपली. भीती गेली, असं तिला वाटलं.

कारवी फुलल्याचा निरोप आला तशी त्यांनी तयारी केली. संध्याकाळी माश्या घरी परतल्यावर पेट्यांच्या तोंडांना जाळ्या लावल्या, आणि उजाडताना आंबिवलीहून निघाले. पेट्या मागच्या हौद्यात दोरीने बांधलेल्या. दौलतकाका त्यांच्यात बसलेले, दोन्ही हात दोन पेट्यांवर. केबिनची मागची सरकती काच क्षिप्राने उघडी ठेवली होती, बोलायला. नेवाळी नाका सोडल्यावर समोर डोंगर दिसायला लागले. ढग खाली उतरलेले, आणि अधूनमधून कुठे निळसर जांभळी छटा.

"ताई, बघा, फुललीय!" मागून दौलतकाका ओरडले.

वाडी ओलांडून कच्ची वाट लागली. तो चर आला. क्षिप्राने बटण दाबलं. टक्. डावं चाक चरात उतरलं, गाडी जराशी डगमगली आणि उजव्या चाकाच्या जोरावर सरळ वर चालती झाली. श्रावणातला तो धोंडा तिने खिडकीतून मागे जाताना पाहिला आणि तिला ओरडावंसं वाटलं. त्या आनंदात ती पुढच्या वळणावरून गेली, आणि बटण तसंच राहिलं.

वळणापलीकडे वाट डोंगराच्या पोटातून आडवी जात होती. उजव्या हाताला वर चढत गेलेला कडा, डाव्या हाताला खाली उतार, आणि उतारावर कारवीचं दाट रान. वाट डावीकडे कललेली. पुढची चाकं खडकाच्या पट्टीवर होती. मागची लाल मातीवर आली. मातीवर शेवाळ होतं. क्षिप्राने चढ घ्यायला किंचित जोर दिला.

गाडीची शेपटी डावीकडे निघाली.

आवाज काहीच झाला नाही. नाक जागेवर होतं आणि पाठ हळूच, एखाद्या दारासारखी, दरीकडे उघडत होती. तिने ब्रेकवर पाय आदळला. इंजिन बंद पडलं. तरी शेपटी सरकत राहिली, आणखी थोडी, आणखी थोडी, आणि मग थांबली. मागे काहीतरी सुटल्याचा आवाज झाला, लाकूड लाकडावर आपटलं, आणि एक पेटी उतारावरून गडगडत, फांद्या मोडत खाली गेली.

मग शांतता. आणि शांततेत हळूहळू चढत गेलेला गुणगुणाट.

"दौलतकाका!"

"आहे, ताई." त्यांचा आवाज खालून आल्यासारखा होता. "गाडी हलवू नका. माझा पाय पेटीखाली आलाय. आणि इकडून… ताई, चाक वाटेच्या अगदी कडेला आहे. चाकाखालची माती पडतेय."

तिने हॅन्डब्रेक ओढला. ओढता ओढताच तिला समजलं की याचा काही उपयोग नाही. हॅन्डब्रेक मागच्या चाकांना लागतो, आणि मागच्या चाकांखाली धरायला काहीच नव्हतं. गाडी धरून ठेवली होती ती पुढच्या दोन चाकांनी, आणि पुढची चाकं धरून ठेवली होती तिच्या उजव्या पायाने. तिचं दार कड्याच्या बाजूला होतं. उघडून खाली उडी मारणं अगदी सोपं होतं. ती वाचली असती. मागे दौलतकाका होते.

पहिली माशी उघड्या काचेतून आत आली आणि स्टिअरिंगवर बसली. मग तिच्या मनगटावर. मग कितीतरी. एरवी पेटी उघडून उघड्या हाताने माश्या बाजूला करणारी क्षिप्रा. पण आदळलेल्या, फुटलेल्या पेटीतल्या माश्या वेगळ्या असतात, हेही तिला माहीत होतं. जाळीची टोपी शेजारच्या सीटवर होती. तिच्याकडे हात नेला तर अंग वळणार, आणि अंग वळलं तर पाय हलणार. तिने हात नेला नाही.

पहिला डंख मानेवर बसला, दुसरा कानामागे. ती ओठ घट्ट मिटून बसली. एक माशी तिच्या गालावरून चढत चढत डोळ्यापर्यंत आली. तिचे सहा पाय वेगवेगळे कळत होते. क्षिप्राने डोळा मिटला. पापणीवर डंख बसला तेव्हा सगळं अंग आकसलं. पाय तेवढा आकसला नाही. गाडी कुठेतरी करकरली, आणि तिच्या तोंडून "आई" असा शब्द निघाला.

"ताई, पाय सोडवला," दौलतकाका म्हणाले. "मी आता कड्याच्या बाजूने उतरतो. हळू उतरतो."

त्यांचं वजन सरकताना तिला सीटखाली जाणवत होतं. पिकअप एकदा डावीकडे ओठंगली, एकदा सावरली. धप्प असा आवाज आला. ते उतरले. मग तिला त्यांचं ओरडणं ऐकू आलं, आणि आरशात क्षणभर दिसलं की ते दोन्ही हातांनी तोंड झाकून, माश्यांचा लोट अंगावर घेऊन, वाटेने मागे पळतायत. वळण आलं आणि ते दिसेनासे झाले.

"दौलतकाका!" उत्तर नाही. "काका! दगड लावा चाकाला!" उत्तर नाही.

खरी भीती तिला तेव्हा वाटली. आतापर्यंत दुसऱ्या माणसासाठी ती पाय दाबून बसलेली. आता गाडीत तिच्याशिवाय कोणी नव्हतं. आता उडी मारता येईल, असं तिच्या मनात आलं, आणि तिने दार उघडलंही. पण पाय उचलायचा आणि उडी मारायची यांच्या मधल्या त्या एका क्षणात गाडी कुठे जाईल? उघडं दार तिला धडकून बरोबरच घेऊन जाईल का? तिने मनात उडी मारून बघितली. प्रत्येक वेळी ती चाकाखाली सापडत होती. पाय थरथरायला लागला होता. आधी मांडी, मग गुडघा, मग पोटरी. ब्रेकचा पेडल त्या थरथरण्याबरोबर किंचित वरखाली होत होता, आणि प्रत्येक वेळी मागे थोडी माती सुटून पानांवर पडल्याचा आवाज येत होता.

तिने दुसरा पायही पहिल्यावर ठेवला.

"कोन हाय गं गाडीत?"

कड्याच्या वरून आवाज आला. एक म्हातारी बाई, डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा. वाडीतली गंगुबाई. श्रावणात तिनेच क्षिप्राला वाट दाखवली होती.

"आजी, दगड!" क्षिप्राला एवढंच बोलता आलं. "पुढच्या चाकांच्या मागे. मोठे दगड."

गंगुबाईने भारा टाकला. पदर तोंडाभोवती गुंडाळला आणि बसत बसत कड्यावरून खाली आली. तिने पहिला दगड आणून लावला, दुसरा लावला. मग पुढून वळसा घालून दरीच्या बाजूला गेली. तिथे उभं राहायला जेमतेम पावलापुरती जागा होती. क्षिप्राला काचेतून फक्त तिचं डोकं दिसत होतं, आणि तिच्यावर बसलेल्या माश्या. "आजी, तिकडे नका जाऊ," असं म्हणायचं होतं, पण तिने म्हटलं नाही. त्या दगडाशिवाय गाडी राहणार नव्हती.

तेवढ्यात दौलतकाका लंगडत परत आले. ओहोळात तोंड बुडवून माश्या घालवून आले होते. चेहरा ओळखू येत नव्हता. दोघांनी मिळून दगड घट्ट बसवले.

"पोरी, पाय काढ आता."

क्षिप्राने काढायचा प्रयत्न केला. वरचा पाय निघाला, खालचा निघेना. दुखत नव्हता, अडकलेला नव्हता, पण तिचं ऐकत नव्हता. "नाही जमत," ती म्हणाली आणि रडायला लागली.

गंगुबाई उघड्या दारापाशी आली, खाली वाकली आणि आपल्या खरखरीत हाताने तिचा घोटा धरला. "म्या धरलाय. सोड." तिने तो पाय उचलला, जसा लहान पोराचा उचलतात, आणि बाहेर ठेवला. गाडी हलली नाही.

क्षिप्रा कड्याला पाठ लावून किती वेळ बसली ते तिला सांगता आलं नसतं. वाडीतली माणसं आली. ओल्या गवताचा धूर करून त्यांनी माश्या शांत केल्या, पेट्या एकेक करून उतरवल्या आणि पठारावर नेल्या. तिने ऋतुराजला फोन केला तेव्हा त्याने फक्त विचारलं, "कोणाला लागलं?" आणि "येतोय."

तो आला तो तारेचा दोर आणि हाताने दांडा मारून ओढायचं विंच खांद्यावर टाकून. त्याने वरच्या ऐनाच्या झाडाला विंच बांधलं, दोर पिकअपच्या पुढच्या हुकात अडकवला, मागच्या चाकांखाली दगड आणि फांद्या कोंबल्या. मग तो तिच्याजवळ येऊन उकिडवा बसला.

"आत कोणीतरी बसायला हवं. दौलतकाकांना डोळे उघडता येत नाहीत. मी बसलो तर विंच दुसऱ्या कोणाला तरी चालवावं लागेल. तो दोर तुटला तर काय होतं ते यांना माहीत नाही."

"मला भीती वाटतेय रे."

"मला पण. दार उघडं ठेव. बेल्ट लावू नकोस. काही वाटलं की उतर, गाडीचा विचार करू नकोस."

ती उठली. लोकांसमोर आपल्या पायांचं थरथरणं लपवायचा प्रयत्नही तिने केला नाही. आत बसल्यावर आधी बटण बंद केलं. मागून टक् आवाज आला नाही. चाकांवर ताण होता, लॉक सुटत नव्हता. बटणावरचा दिवा तसाच जळत होता.

"थांब!" ऋतुराज ओरडला. "मी जरासा ताण देतो." दांडा एकदा, दोनदा खाली आला. तार ताठ झाली, झाड करकरलं, गाडी बोटभर पुढे आली. टक्. दिवा गेला.

तिने इंजिन चालू केलं. पहिला गिअर. क्लच सोडताना डावं चाक फांद्यांवर घुसळलं, नुसतंच फिरलं, आणि तिला वाटलं, झालं, पुन्हा तेच. पण उजव्या चाकाने जमीन सोडली नाही. शेपटी जागच्या जागी राहिली. तार ओढत होती, डाव्या चाकाखाली दगड लागला, आणि गाडी तसूतसूने वर आली, आधी नाक, मग पाठ, मग चारही चाकं खडकावर. तशीच ती पठारापर्यंत गेली. उतरली आणि गवतात ओकली.

फुटलेल्या पेटीतल्या माश्या खाली कारवीच्या एका झाडावर घोस करून बसल्या होत्या. दौलतकाका त्यांना आणायला निघाले, तेव्हा क्षिप्राने त्यांना हाताला धरून खाली बसवलं. "राहू द्या त्यांना," ती म्हणाली. "त्यांची त्या बघतील."

घरी हेमाने दार उघडलं आणि मुलीचा सुजून बंद झालेला डोळा पाहून हातातलं भांडं खाली ठेवलं. या वेळी क्षिप्राने सगळं सांगितलं, पायाचं सुद्धा. शेवटी हेमाने एवढंच विचारलं, "त्या बाई बऱ्या आहेत ना? त्यांनाही चावल्या असतील." क्षिप्राला आठवलं की गंगुबाईला काही लागलं का, हे तिने विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती औषध घेऊन वाडीत गेली, एसटीने.

कारवी संपेपर्यंत पेट्या जड झाल्या. ऋतुराजने विचारलं, "लॉकर काढून टाकू का?" ती नको म्हणाली. पेट्या उतरवायच्या दिवशी तिने पिकअप वाडीपर्यंत नेली आणि झाडाखाली उभी केली. दौलतकाकांनी वर वाटेकडे बघितलं, मग तिच्याकडे. तिला काही सांगावं लागलं नाही. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, पिळून त्याची चुंबळ केली आणि डोक्यावर ठेवली. क्षिप्रानेही ओढणीची केली. गंगुबाई आणि वाडीतल्या आणखी बायका पुढे झाल्या होत्या.

त्या लाल मातीच्या पट्ट्यावरून चालतानाही क्षिप्राने एक हात कड्याला लावून ठेवला, जाताना आणि डोक्यावर पेटी घेऊन येतानाही.